‘मादामा पिंकर्टन म्हणा’: टाकलेल्या बाईचं एक प्रकरण

घराच्या भिंती कागदाच्या आहेत. लाकडी चौकटींवर ताणलेला कागद; इकडे सरकवला की खोली, तिकडे सरकवला की अंगण. लग्नं जमवणारा दलाल गोरो पहिल्याच प्रवेशात अमेरिकन गिऱ्हाइकाला हे सगळं हौसेने करून दाखवतो. अशा घराला त्या गिऱ्हाइकाने कुलपं बसवून घेतली आणि तो आगबोटीत बसून गेला. तीन वर्षांनी, गाठीचे पैसे संपत आले असताना, त्याची बायको मोलकरणीला विचारते: परत यायचं नसतं तर एवढ्या काळजीने कुलपं कशाला बसवली असती? मोलकरीण म्हणते, मला नाही माहीत. मग बायकोच सांगते: डास, नातेवाईक आणि दुःखं बाहेर राहावीत म्हणून, आणि आत त्याची बायको राहावी म्हणून. ती बायको म्हणजे मी.

जाकोमो पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’च्या दुसऱ्या अंकाची ही सुरुवात. श्रोते या जागी पुढच्या पदाची वाट बघत बसलेले असतात, ‘उन बेल दी’ची. एके दिवशी क्षितिजावर धुराची रेघ दिसेल, बोट बंदरात शिरेल, तो टेकडी चढून येईल, वगैरे. मी मात्र दर खेपेला कुलपापाशी अडकते. कुटुंब न्यायालयात हा पुरावा म्हणून मांडला, तर समोरचा वकील हसेल. पण बाईकडे दुसरं काहीच नाही. पत्र नाही, फारकत नाही, नांदायला न्यायचं बोलावणं नाही. आपण वाट बघणारी आहोत की टाकलेली, हे तिला कुलपावरून ठरवायचं आहे.

टाकलेली बाई हे ऑपेराचं जुनं भांडवल. १६०८ साली मांतुआत क्लाउदिओ मोंतेवेर्दीचा ‘लारियान्ना’ झाला. झोपेत असताना बेटावर सोडून दिलेल्या आरियाद्नेची ती गोष्ट. त्या ऑपेराचं संगीत काळाच्या ओघात गेलं, शिल्लक राहिला तो तिचा विलाप. म्हणजे सोडणाऱ्याने गायलेलं सगळं बुडालं आणि सोडलेलीचं रडणं तेवढं तरलं. पुढे कार्थेजची राणी डायडो आली आणि तिच्यावर शतकभर रांगेने ऑपेरे झाले. आपल्याकडेही संगीत नाटकाचा नारळ फुटला तो शाकुंतलावर, १८८० साली पुण्यात. किर्लोस्करांच्या त्या पहिल्या प्रयोगात चारच अंक झाले होते, म्हणजे पाठवणीपर्यंतचे. टाकण्याचा प्रसंग पाचव्या अंकातला.

या सगळ्या बायकांना कोणी सोडलं ते आपल्याला ठाऊक असतं. सोडलं म्हणजे नेमकं काय केलं, कोणत्या कागदावर, कोणत्या कायद्याने, हे मात्र विचारता येत नाही, कारण तिथे बेटं आहेत, देव आहेत, शाप आहेत. बटरफ्लायच्या बाबतीत ते विचारता येतं. तिच्या गोष्टीत करार आहे, शुल्क आहे, साक्षीदार आहेत, सरकारी अधिकारी आहे आणि कॉन्सल, म्हणजे परक्या बंदरातला अमेरिकेचा सरकारी प्रतिनिधी, आहे. म्हणून हे प्रकरण.

हकीकत

मुलगी पंधरा वर्षांची. कॉन्सल शार्पलेस तिला वय ओळखायचा खेळ खेळू देतो: दहा? चढवा. वीस? उतरवा. पंधरा, अगदी बरोब्बर पंधरा, म्हातारीच झाले म्हणा! घर एके काळी बरं होतं. बाप मेला तो बादशहाने पाठवलेल्या सुऱ्याचा अर्थ समजून. नंतर पोटासाठी ही गेइशा झाली. तिचं नाव चो-चो-सान. चो म्हणजे फुलपाखरू.

नवरा अमेरिकन आरमारातला लेफ्टनंट पिंकर्टन, ‘अब्राहम लिंकन’ या बोटीवरचा. घर आणि बायको एकाच दमात घेतो, आणि दोन्हींच्या अटी एकच: ९९९ वर्षांचा करार, दर महिन्याला रद्द करायची मुभा. या देशात घरं आणि करार सारखेच लवचीक, असं तो स्वतःच कॉन्सलला हसत सांगतो. मुलीची किंमत गोरो सांगतो: अवघे शंभर येन. लग्नाआधी काही मिनिटं हातात व्हिस्कीचा पेला घेऊन पिंकर्टन पुढच्या लग्नासाठी आरोग्य चिंततो, खऱ्या लग्नासाठी, खऱ्या अमेरिकन बायकोशी. त्याआधीच्या त्याच्या पदाला पुच्चिनीने ‘स्टार-स्पँगल्ड बॅनर’ची सुरावट जोडली आहे. तेव्हा ती अमेरिकेच्या आरमाराची धून होती. राष्ट्रगीत झाली ती १९३१ साली. कॉन्सल हे सगळं ऐकतो. तो भला माणूस आहे, चेहरा पाडतो, दोन शब्द सुनावतो आणि पेला उचलतो.

मग बादशाही अधिकारी येऊन लग्नाचा मजकूर वाचतो. तो कान देऊन ऐकण्यासारखा आहे. पिंकर्टनला हे लग्न करायची परवानगी मिळते ती स्वतःच्या इच्छेने, आणि बटरफ्लायला मिळते ती इथे हजर असलेल्या नातलगांच्या संमतीने. इथे नवऱ्याची सही, मग नवरीची, झालं. मैत्रिणी पुढे होऊन तिला ‘मादामा बटरफ्लाय’ म्हणतात. ती बोट उंचावून चूक दुरुस्त करते: मादामा पिंकर्टन. आपल्याकडे तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव आजूबाजूच्या बायका मोठ्याने वाचतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे वाचून दाखवणारी ती एकटी.

थोड्याच वेळात तिचा भिक्षू काका ओरडत येतो. ही गुपचूप मिशनमध्ये जाऊन आली, नवऱ्याचा देव तो आपला देव करून आली, हे त्याला कळलेलं असतं. तो शाप देतो, आणि ज्यांच्या संमतीवर लग्न उभं होतं ते सगळे नातलग तिला वाळीत टाकून टेकडी उतरून जातात. म्हणजे पहिल्यांदा टाकलं ते माहेराने, लग्नाच्या दिवशी, शाई वाळायच्या आत. नवऱ्याने टाकणं नंतरचं.

पिंकर्टन जातो. रॉबिन पक्षी घरटं बांधील तेव्हा परत येईन, असं सांगून. तीन वर्षांत जपानातल्या रॉबिनांनी तीनदा घरटी बांधली. शार्पलेस भेटायला येतो तेव्हा ती त्याला सरळ विचारते: अमेरिकेत रॉबिन इतक्या वेळा घरटं बांधत नसतील का? कॉन्सल गडबडतो, आपण पक्षिशास्त्र शिकलो नाही म्हणतो. इटालियन प्रेक्षक इथे हसतो. मला हसू येत नाही. तिने पुरावा तपासला आहे, विसंगती सापडली आहे, आणि खुलासा ज्याच्याकडून मिळावा अशा एकुलत्या एका अधिकाऱ्याला ती तो मागते आहे.

कोणता कायदा?

शार्पलेसच्या खिशात पिंकर्टनचं पत्र आहे. त्याने अमेरिकेत लग्न केलं आहे, हे बटरफ्लायला जपून सांग, असा त्यातला मतलब. ते वाचून व्हायच्या आधी यामादोरी हा श्रीमंत मागणीदार दारात येतो. गोरो मध्यस्थी करत असतो. ती म्हणते, मी लग्नाची बाई आहे. गोरो म्हणतो, पण कायदा आहे ना: बायकोच्या बाबतीत टाकणं आणि घटस्फोट एकच.

ती उत्तर देते: तो जपानचा कायदा. माझ्या देशाचा नव्हे.

कोणता देश?

अमेरिका.

आणि मग ती अमेरिकन न्यायाधीशाची नक्कल करून दाखवते. नवरा कोर्टात जाऊन म्हणतो, मला संसाराचा कंटाळा आला. न्यायाधीश विचारतो, असं का? मग म्हणतो: बदमाश, याला आधी तुरुंगात घाला! ऑपेरातला हा सगळ्यात मिश्कील तुकडा आहे आणि सगळ्यात जीवघेणाही. शार्पलेस तिथे बसून ऐकत असतो.

शंभर वर्षं लोक या जागी म्हणत आले आहेत: बिचारी, भोळी. मला ती भोळी वाटत नाही. १८७३ च्या मेइजी सरकारच्या फर्मानाने परकीयाशी लग्नाला परवानगी दिली, आणि त्यातच ठरवलं की परकीयाशी लग्न करणाऱ्या जपानी बाईचं जपानी असणं संपतं. लग्न खरं असेल, तर ‘जपानचा कायदा माझ्या देशाचा नव्हे’ हे तिचं वाक्य कायद्याला धरून आहे. चूक दुसऱ्या बाजूला आहे. अमेरिकेचा १८५५ चा कायदा नागरिकाच्या बायकोला नागरिक मानायचा, पण जिला मुळात नागरिकत्व मिळू शकतं तिलाच. आणि ते दार त्या काळी जपान्यांना बंद होतं. म्हणजे ज्या घटकेला ती मादामा पिंकर्टन झाली, त्या घटकेला तिचा एक देश गेला आणि दुसरा मिळाला नाही. कागदाच्या भिंती आणि कुलपं, तसंच हे.

जपानी बाईला काडीमोड मिळण्याचा जुना रिवाजही इथे आठवतो. एदो काळापासून नवऱ्याने बायकोला एक चिठ्ठी लिहून द्यायची पद्धत होती: तुला मोकळी केली, यापुढे कोणाशीही लग्न कर, हरकत नाही. तिचं नाव ‘मिकुदारिहान’, म्हणजे साडेतीन ओळी. साडेतीन हा आकडा आपल्याला मुहूर्तांत आणि शक्तिपीठांत भेटतो. तिकडे तो फारकतीत आहे. त्या साडेतीन ओळींत बाईचा अपमान असेल, पण तिला आपण कोण आहोत ते कळायचं आणि ती पुढच्या घरी जाऊ शकायची. पिंकर्टनने साडेतीन ओळीही लिहिल्या नाहीत. लांबलचक पत्र लिहिलं, तेही तिला नव्हे, मित्राला. नांदवायचं नाही आणि मोकळंही करायचं नाही, हा प्रकार ओळखायला मराठी माणसाला ऑपेरा बघावा लागत नाही.

आता त्या कॉन्सलबद्दल. प्रयोगात शार्पलेस हा हळव्या मनाचा निरोप्या वाटतो. पण अमेरिका आणि जपान यांच्यातल्या १८५८ च्या करारापासून अमेरिकन माणसावर जपानी न्यायालयाचा अधिकार चालत नसे. खटला चालायचा तो अमेरिकन कॉन्सलपुढे. त्याच करारात लिहिलं होतं की जपानी धनकोंना आपलं येणं वसूल करायला कॉन्सलच्या न्यायालयाचं दार उघडं राहील. ही व्यवस्था १८९९ च्या जुलैत संपली. ज्या कथेवरून हा ऑपेरा निघाला ती १८९८ सालची, व्यवस्था जिवंत असतानाची, आणि ती लिहिणारा जॉन ल्यूथर लाँग हा फिलाडेल्फियाचा वकील होता. म्हणजे न्यायाधीशाची नक्कल करणारी बाई, निदान मूळ कथेच्या काळात, प्रत्यक्ष न्यायाधीशासमोरच बसलेली आहे. दोघांपैकी एकाला ते ठाऊक असायला हवं होतं.

लाँगच्या कथेत बाई वकिलातीत जातेसुद्धा. तिथेच पिंकर्टनची अमेरिकन बायको येते आणि, समोर कोण उभी आहे हे न कळता, नवऱ्याला तार करायला सांगते: मूल पाहिलं, गोड आहे, लगेच घेऊन टाकूया का, आईशी उद्या बोलते. पुच्चिनीच्या संहितालेखकांनी, लुईजी इलिका आणि जुझेप्पे जाकोझा यांनी, वकिलातीचा प्रवेश आखला होता. १९०२ च्या नोव्हेंबरात पुच्चिनीने तो काढून टाकला. जाकोझाने विरोध केला, उपयोग झाला नाही. सगळं टेकडीवरच्या घरातच घडायला हवं, मध्ये शहराचा वारा नको, असं पुच्चिनीचं म्हणणं. नाटक म्हणून त्याचं बरोबर होतं. पण वकिलात गेली तशी दाद मागायची जागाही गेली. उरलं घर, बाई आणि वाट बघणं. टाकलेल्या बाईला साच्यात बसवायचं तर तिच्याभोवतीची कचेरी आधी पाडावी लागते.

साखळी आणखी मागे जाते. फ्रेंच आरमारी अधिकारी पिएर लोती १८८५ च्या उन्हाळ्यात नागासाकीत होता, तिथे त्याने असंच ठरलेल्या पैशांत ‘लग्न’ केलं आणि १८८७ मध्ये त्यावर ‘मादाम क्रिझांतेम’ लिहिलं. निरोपाच्या दिवशी तो अवचित घरी परततो तर बायको जमिनीवर बसून त्याने दिलेली चांदीची नाणी छोट्या हातोडीने ठोकून, वाजवून बघत असते, तोंडाने गाणं गुणगुणत. नाणं खणखणीत आहे ना, एवढीच तिची चिंता. लोतीला बरं वाटतं, सुटल्यासारखं. लाँगच्या कथेतली बाई सुरा चालवते, पण मोलकरीण तिची जखम बांधते, आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकन बायको भेटायला येते तेव्हा घर रिकामं असतं. १९०० साली न्यू यॉर्कमध्ये डेव्हिड बेलास्कोने त्याचं एकांकी नाटक केलं, त्यात ती पिंकर्टनच्या हातांत मरते. तेच नाटक पुच्चिनीने त्या उन्हाळ्यात लंडनला पाहिलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं. नाणी वाजवणारी बाई, मग मूल घेऊन निघून गेलेली बाई, मग मेलेली बाई. तेरा वर्षांत एवढा प्रवास. जितकी ती मरणाच्या जवळ गेली तितकी तिकिटं खपली, असं म्हणायचा मोह होतो, पण ते पहिल्या रात्रीपुरतं खरं ठरलं नाही.

दुर्वासाची सोय

१७ फेब्रुवारी १९०४, मिलान, ला स्काला. बटरफ्लाय झाली होती रोझिना स्तोर्किओ. प्रयोग पडला, आणि असा पडला की त्याच्या आठवणी अजून सांगतात. प्रेक्षक ओरडले, हसले. पहाटेच्या प्रसंगात पाखरांचे आवाज काढले तर प्रेक्षागारातून जनावरांचे आवाज आले. पुच्चिनीने एका रात्रीत खेळ मागे घेतला. सव्वातीन महिन्यांनी, २८ मे रोजी, ब्रेशियात दुरुस्त केलेला प्रयोग झाला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे १९०६ च्या पॅरिसच्या प्रयोगापर्यंत दुरुस्त्या चालूच राहिल्या.

पडण्याची कारणं अनेक सांगितली जातात: विरोधकांनी भरलेलं प्रेक्षागार, न संपणारा दुसरा अंक. मला रस आहे तो काय बदललं यात. मिलानचा पिंकर्टन उघड उर्मट होता. लग्नाच्या जेवणाला तो साखरेत घोळलेल्या माश्या आणि कोळी म्हणायचा. हे गेलं. अमेरिकन बायको केट मिलानमध्ये बरंच बोलायची. तिचं बोलणं कापत कापत दोन-चार ओळींवर आणलं. आणि ब्रेशियात पिंकर्टनला नवं पद मिळालं, ‘अद्दिओ, फियोरितो असील’: फुलांच्या आसऱ्या, तुझा निरोप घेतो, मला सहन होत नाही, मी भ्याड आहे. पिंकर्टन झालेला टेनर, म्हणजे उंच पट्टीतला गायक, ते जीव तोडून गातो, टाळ्या घेतो आणि टेकडी उतरून पळतो. बाईला सांगायचं काम मागे राहिलेल्यांवर.

हे पद ऐकताना मला दुर्वास आठवतो. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत शाप नाही. तिथे दुष्यंताला सगळं आठवतं, तरी तो भर सभेत ओळख नाकारतो, आणि ती त्याला खडे बोल सुनावते. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली आणि राजाचा गुन्हा विस्मरणात जमा केला. नळाने दमयंतीला रानात टाकलं तेव्हा त्याच्या अंगात कली शिरला होता. पुरुष नायकच ठेवायचा असला की ही सोय करावी लागते. इटलीत शाप चालत नाहीत, म्हणून पश्चात्तापाचं पद. अडीच मिनिटांचं, पण काम तेच. जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास गाणाऱ्या बायांनी रामाला अशी सोय फारशी दिली नाही. त्यांना तिकिटं विकायची नव्हती.

२०१६ च्या ७ डिसेंबरला ला स्कालाने हंगामाचा पडदा मूळ १९०४ च्या आवृत्तीने उघडला, रिकार्दो शायीच्या संगीतसंचालनाखाली. ते पद त्यात नव्हतं. प्रकरण समजून घ्यायचं तर मी तीच आवृत्ती बघा असं सांगेन. गाणं आवडायचं असेल तर ब्रेशियानंतरची बरी.

मूल

दुसऱ्या अंकात शार्पलेस शेवटी विचारतो: तो परत आलाच नाही तर? ती थबकते. दोन गोष्टी करता येतील, म्हणते: पुन्हा लोकांपुढे गायचं, नाही तर त्याहून बरं म्हणजे मरायचं. मग आत जाते आणि मूल घेऊन येते. सोनेरी केस, निळे डोळे. नाव? सध्या दुःख, बाप आला की आनंद. पिंकर्टनला हे मूल ठाऊकच नाही.

इथून प्रकरण उलटं फिरतं, आणि मला वाटतं इथेच त्याची खरी गाठ आहे. केट खरी बायको असेल तर नागासाकीचं लग्न लग्नच नव्हतं. मग मूल अनौरस, आणि त्या काळच्या इंग्रजी-अमेरिकन कायद्यात अनौरस मुलावर बापाचा हक्क जवळपास शून्य. मूल बापाचं म्हणून मागायचं असेल तर नागासाकीचं लग्न खरं धरावं लागतं, आणि मग केट कोण? दोन्ही हातांत लाडू हवे असतील तर एका कागदाचे दोन अर्थ लावावे लागतात. रंगमंचावर एकही माणूस हा प्रश्न काढत नाही. जवळ जातो तो गोरो: अमेरिकेत अशा जन्माचं पोर कायम हिडीसफिडीस होऊन राहतं, असं तो सांगत फिरतो, आणि बटरफ्लाय बापाचा सुरा उपसून त्याच्या अंगावर धावून जाते. कायद्याचं खरं सांगणारा या ऑपेरात तो दलालच आहे, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

संध्याकाळी बंदरात तोफेचा आवाज होतो. ती दुर्बिणीतून बोटीचं नाव अक्षर अक्षर लावून वाचते: अब्राहम लिंकन. बागेतली सगळी फुलं ओरबाडून घरभर पसरते. लग्नाचा किमोनो चढवते. मग कागदाच्या भिंतीला बोटाने तीन भोकं पाडते: एक आपल्या उंचीवर, एक मोलकरीण सुझुकी बसलेली असेल त्या उंचीवर, आणि एक अगदी खाली, मुलासाठी. तिघं भोकांना डोळे लावून बसतात. पडद्यामागून समूहाचा, ओठ मिटून केलेला गुंजारव येतो. त्याला शब्द नाहीत. बाहेर चांदणं, मग अंधार. मूल झोपतं, सुझुकी झोपते. बेलास्कोने ही रात्र न बोलता, फक्त उजेड बदलत चौदा मिनिटं धरून ठेवली होती. लोकांना ती जागा आठवते ती बाईच्या निश्चलपणासाठी. मला ते खालचं भोक आठवतं. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर.

सकाळी कोणी तिला काही सांगत नाही. निकाल वाचून दाखवायला कोणी तयार नाही, म्हणून ती एकेक प्रश्न विचारून तो स्वतः काढून घेते. सुझुकी, हो की नाही तेवढं सांग: जिवंत आहे? हो. पण येणार नाही? गप्प. काल आला? हो. मग बागेतल्या बाईकडे बघून: ही त्याची बायको. पुढच्या मागणीचाही तर्क तिचाच: यांना माझं सगळं न्यायचं आहे, माझं मूलही.

इटालियन संहिता हातात धरून ऐकलं तर एक शब्द पाठलाग करतो: ‘अबांदोनो’, टाकणं. दुसऱ्या अंकात तो गोरोच्या तोंडी येतो, कायद्याचा शब्द म्हणून: बायकोच्या बाबतीत टाकणं म्हणजे घटस्फोट. कोणी टाकलं ते वाक्यात नाही. मूल द्यायची वेळ येते तेव्हा तो तिच्या तोंडी येतो: दुःखी आई, आपल्या मुलाला टाकायचं! त्याच दमात पुढे: होऊ दे, त्याची आज्ञा पाळायला हवी. ‘बायकोने नवऱ्याचं ऐकावं’ हे अजून त्या लग्नावर उभं आहे, जे लग्न नव्हतं असं बाकी सगळे धरून चाललेत. आणि तिसऱ्यांदा तो अखेरच्या पदात येतो. मूल धावत येऊन बिलगतं, ती त्याला सांगते की तू समुद्रापलीकडे जावंस आणि मोठेपणी आईने टाकल्याची सल तुला राहू नये, म्हणून मी मरते.

आईने टाकल्याची. तीन वर्षं घराला कुलूप लावून बसलेली बाई, आणि टाकण्याचं खातं शेवटी तिच्याच नावावर. नवरा, माहेर, कॉन्सल, दोन देश, सगळे त्या शब्दाच्या कर्तेपणातून अलगद निसटले.

केटला तिने निरोप दिला आहे: तो स्वतः आला तर मूल देईन, अर्ध्या तासाने टेकडी चढून यायला सांगा. मुलाला चटईवर बसवून हातात अमेरिकेचा झेंडा आणि बाहुली दिली आहे, डोळ्यांवर पट्टी बांधली आहे. बापाच्या सुऱ्यावर कोरलेलं ती वाचते: मानाने जगता येत नाही त्याने मानाने मरावं. पडद्याआड सुरा खाली पडल्याचा आवाज होतो.

टेकडीच्या वाटेने पावलं वाजतात आणि पिंकर्टनची हाक येते, तीनदा. मैत्रिणींनी म्हटलं होतं तेव्हा तिने दुरुस्त केलं होतं. दुसऱ्या अंकात शार्पलेस दारात ‘मादामा बटरफ्लाय’ म्हणाला तेव्हाही ‘मादामा पिंकर्टन, कृपा करून’ असं तिने सांगितलं होतं. तो हाक मारतो: बटरफ्लाय! बटरफ्लाय! बटरफ्लाय! वाद्यवृंद ‘बी मायनर’ या स्वरपट्टीत गर्जत असतो, आणि शेवटचा स्वरसमूह घरी यायचा त्या जागी एक सूर उपरा लागतो, ‘जी’ हा सूर, आणि तसाच राहतो.